दर्याचं उष्टं इंजिन

आमच्या अकोनाबोच्या किनाऱ्यावर बाई एकदा खरं बोलली तर तिला भांडखोर म्हणतात, दुसऱ्यांदा बोलली तर चेटकीण. माझी दोन्ही नावं जुनी झाली आहेत. तेव्हा ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

इंजिन चाळीस घोड्यांचं. मुळात ते एसी एम्ब्रोबाचं. तिच्याही होड्या आहेत, माझ्याही, आणि मासे धुरावर वाळवायची भट्टी दोघींची शेजारी शेजारी, त्यामुळे प्रेम किती असेल ते समजून घ्या. तिच्या होडीच्या कडेला टांगलेलं ते इंजिन एकदा लाटांच्या माऱ्यात सुटून समुद्रात पडलं. बरेच दिवस तळाशी राहिलं आणि मग माझ्या खलाशांच्या जाळ्यात आलं. जाळं फाटलं, पण इंजिन वर आलं. मी रीतीप्रमाणे निरोप धाडला, बाई, तुझी वस्तू आहे, घेऊन जा. ती आली, अंगावरच्या कापडाचं टोक नाकाला लावून उभी राहिली आणि चारचौघांत म्हणाली, "दर्यानं उष्टं केलेलं मी तोंडाला लावत नाही. तुला भूक असेल तर तू खा."

"खाते की," मी म्हणाले. "माझ्या ताटात आलंय ते."

किनाऱ्यावरचा एकही मिस्त्री त्याला हात लावेना. समुद्राने नेलेली वस्तू परत आणू नये अशी आमच्याकडे समजूत आहे. मग मीच पाना उचलला. माझा बाप इंजिनं दुरुस्त करायचा, त्याच्या माडाखालच्या शेडमध्ये मी लहानाची मोठी झाले. मुली बाहुल्यांशी खेळतात, मी पिस्टनशी खेळले. त्याच शेडमध्ये एक जुनं मेलेलं इंजिन पडून होतं. त्याचं डोकं घेतलं, दर्यातल्या इंजिनाचा पाय आणि गिअरपेटी घेतली, गोड्या पाण्याने धुतली, डिझेलने धुतली, पुन्हा पेट्रोलने धुतली. दोन मेल्यांतून एक जिवंत उभं केलं. पहिल्यांदा दोरी ओढली आणि ते खोकून खोकून सुरू झालं तेव्हा मी एकटीच शेडमध्ये नाचले. कोण बघतंय?

आता आमच्याकडची रीत सांगते. इंजिन नवं असो की नव्याने बांधलेलं, ते पाण्यात जाण्याआधी थोरले नाखवा येतात. किनाऱ्यावर कुणी कधी समुद्रात जायचं, मंगळवारी कुणी जायचं नाही, भांडणात दंड कुणी भरायचा, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. त्यांचं नाव नाना एग्यान. ते इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा काढतात, पंख्यामागच्या दांड्यावर दोरीची गाठ मारतात, जमिनीवर दारूचा घोट ओततात आणि पंखा परत बसवतात. समुद्राला सांगायचं की बाबा, हे बांधलेलं आहे, याला धनी आहे. गाठ मारताना धन्याने पाठ फिरवून उभं राहायचं. इंजिन दुरुस्तीला आलं तरी गाठ आधी नानांनी सोडायची, मगच आमच्यासारख्यांनी हात घालायचा. माझ्या हाताखालून ढीगभर इंजिनं गेली, पण ती गाठ मी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाठीमागे काय चाललंय हे न बघण्यालाच आम्ही श्रद्धा म्हणत होतो.

तर नानांनी गाठ मारली, मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले आणि माझा तांडेल अबाका इंजिन घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आला. मी गिअरपेटीचा खालचा स्क्रू काढला तर तेल कसलं, मक्याची पेज बाहेर आली. पांढरी, दाट. पेटीत पाणी शिरल्याशिवाय तेल असं होत नाही. तसंच चालवलं तर आतली दातेरी चाकं गंजतात, आणि एक दिवस भर समुद्रात कडकड करून मोडतात. मग प्रवाह नेईल तिकडे, म्हणजे थेट शेजारच्या देशात, टोगोला.

नानांनी येऊन गाठ सोडली. मी इंजिन शेडमध्ये नेलं. तेलाच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, पंपाने पेटीत हवा भरली आणि पेटी पाण्याच्या पिंपात बुडवली. पंक्चर काढतात तसं. पंख्याच्या दांड्याजवळून बुडबुडे आले. म्हणजे दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं. ते काढलं तर त्याची कड जळून काळी झालेली. नवं बसवलं, पुन्हा हवा भरली, पुन्हा बुडवलं. एक बुडबुडा नाही. छाती पुढे काढून नानांना बोलावलं. गाठ झाली, घोट झाला, होडी गेली.

परत आली ती पेज घेऊनच.

मी मॅनकेसिमच्या बाजारात गेले आणि सील विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "नकली माल विकतोस? बायकांना फसवतोस?" तो बिचारा हातातलं केळं तसंच धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मावशे, मोडकं सील आणलंस का? नाही ना? पाण्यात बुडालेलं रबर जळतं कसं, ते आधी मला सांग. मग शिव्या दे. मी इथंच आहे."

तेव्हा मला त्याचं बोलणं उद्धटपणाचं वाटलं. दोन सीलं घेऊन परत आले, एक बसवलं, पिंपात बुडवलं. कोरडं ठणठणीत. गाठ, घोट, समुद्र. आणि पुन्हा पेज.

आता किनाऱ्याला विषय मिळाला. पिंपातल्या पाण्यात गळत नाही आणि समुद्रात गळतं, याचा अर्थ लहान पोरालाही कळतो म्हणे. नळाच्या पाण्याला काय ओळख? समुद्र आपली वस्तू ओळखतो. एम्ब्रोबा भट्टीवर मासे उलटताना मोठमोठ्याने म्हणायची, "काही लोकांना दुसऱ्याचं उष्टं पचत नाही गं!" तिच्या भट्टीवरच्या बायका हसायच्या. मी धुरातून तिच्याकडे बघून हसायचे, आणि आतून जळायचे.

सोमवारी संध्याकाळी नाना गाठ सोडायला आले. पंखा काढला, वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी पाठमोरी होते.

"क्वान्सिमा," ते म्हणाले, "गाठ नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मागच्या दोन्ही वेळेलाही नव्हती. मी बोललो नाही, म्हटलं तू घाबरशील. दर्यानं गाठ तीनदा खाल्ली. एकदा खाल्ली तर भूक, दोनदा खाल्ली तर रुसवा. तिसऱ्यांदा म्हणजे मागणी आहे पोरी. त्याला त्याची वस्तू परत हवी."

"मग?"

"बुधवारी सकाळी लाटांपलीकडे नेऊन सोडायचं. मी घोट ओतीन. तुझ्या खलाशांचा जीव वाचेल."

त्यांचा आवाज कडक नव्हता, मायेचाच होता. त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. माया करायला आलेल्याचं काय करायचं?

बुधवारपासून तारलीचा हंगाम. वर्षभराची चूल त्या हंगामावर पेटते. ज्याच्याकडे इंजिन नाही त्याची होडी वाळूत, आणि होडी वाळूत असली की खलाशी दुसऱ्याच्या होडीत. त्यात त्यांचा दोष नाही. खलाशी मला आईच म्हणतात; अबाकाने तोंडावर सांगितलं, "आई, एम्ब्रोबानं विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण पोरांना खायला तर घालायला हवं."

"मंगळवार माझा आहे," मी म्हणाले. "बुधवारी हो म्हण."

मंगळवारी कुणीच समुद्रात जात नाही. सगळे पुरुष माडांखाली जाळी विणत, सोंगट्या खेळत बसतात, म्हणजे बघ्यांची कमी नाही. मी त्यांच्यासमोरच इंजिन आडवं घातलं. पंखा काढला, जाड वॉशर काढला, सील उपसून हातात घेतलं. पुन्हा तीच जळकी काळी कड. फेकणारच होते, तेवढ्यात तो केळं धरलेला माणूस आठवला. पाण्यात बुडालेलं रबर जळतं कसं?

ब्लेड घेतलं आणि त्या काळ्या कडेला चीर दिली. वरचा काळा थर ग्रीसचा आणि गाळाचा होता. आत चकचकीत काहीतरी लागलं. खरवडलं. हिरवं. वितळून कडी झालेला, रबरात रुतलेला हिरवा धागा. नायलॉन. रबर जळलं नव्हतं. त्याला कुणीतरी करवत लावली होती.

माझं डोकंच फिरलं. "अबाका! इकडे ये! जाळ्यावरून होडी नेलीस ना तू? तीनदा नेलीस! डोळे कुठे होते तुझे, बाटलीत?"

अबाका सोंगट्या टाकून आला. धागा बोटांत धरून त्याने उन्हाकडे केला. "आई, आपली जाळी निळी. एम्ब्रोबाची निळी. इथं सगळ्यांची निळी." मग त्याने आवाज खाली आणला. "हिरवं जाळं या किनाऱ्यावर एकाच ओसरीत टांगलेलं आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी काही बोललो नाही हां," अबाका म्हणाला आणि परत सोंगट्यांकडे गेला.

नाना ओसरीत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, खात बसले होते, बरोबर तळलेला मासा आणि वाटलेली मिरची. डोक्यावर हिरवं जाळं टांगलेलं, त्याची एक कड कात्रीने कापत कापत आत गेलेली. मी सील त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय जेवणात?"

"तुमची गाठ," मी म्हणाले. "दर्यानं खाल्ली नाही. माझ्या सीलनं खाल्ली. पोट बिघडलं त्याचं."

त्यांनी हात धुतले, सील उचललं, डोळ्यांजवळ नेलं. मी विचारलं, "नाना, पूर्वी दोरी कसली होती?"

"सुताची. मामांकडून गुंडा आला होता, त्यांना त्यांच्या मामांकडून. ईस्टरला संपला. आता तसलं सूत कुठं मिळतं? म्हटलं, नायलॉन जास्त पक्कं."

"तेच तर! सूत कुजायचं, तुटून पडायचं, समुद्रात जायचं. कुणाचं काही बिघडायचं नाही. नायलॉन कुजत नाही. दांडा गरगर फिरतो, हे आत आत सरकतं, तापतं, वितळतं आणि सील कापतं. सील कापलं की पाणी आत. ईस्टरनंतर जेवढी इंजिनं बांधलीत तेवढी आठवा. तो तांडेल ओटू, त्याच्या इंजिनाची चाकं मोडली. तुम्ही म्हणालात तो मंगळवारी समुद्रात गेला असेल. तो शपथा घेऊन रडत होता!"

नानांनी सील परत खाली ठेवलं. मग हळू म्हणाले, "म्हणजे मी ज्यांना ज्यांना राखायला गेलो, त्यांचीच इंजिनं मी फोडली असं तुझं म्हणणं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला गप्प बसावंसं वाटलं. म्हातारा माणूस, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. पण मी गप्प बसले असते तर माझं इंजिन बुधवारी तळाशी गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची तरी होडी टोगोला.

"हो," मी म्हणाले. "रोगापेक्षा औषध भयंकर झालं, नाना."

त्यांचा चेहरा बंद झाला. दार लावून घ्यावं तसा. "बुडवायचं ठरलंय ते बुडवायचं."

"एक फेरी द्या. गाठीशिवाय. तेल पांढरं आलं तर मी स्वतः ते इंजिन डोक्यावर घेऊन लाटांत शिरते. तुमच्या घोटाचीही गरज नाही."

ते हसले. "बिनगाठीच्या इंजिनावर कोण बसेल? जा, विचार तुझ्या खलाशांना. कुणी गेला तर माझी हरकत नाही."

त्यांना खात्री होती. मलाही होती, म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. घरी आले, शेवटचं सील बसवलं, नवं तेल भरलं, पंखा लावला. गाठीशिवाय.

बुधवारी उजाडताच सगळा किनारा जमला. ओंडक्यांवरून होड्या सरकत होत्या, गाणी चालली होती, झेंडे फडफडत होते. माझ्या होडीला पाण्यात ढकलायला खलाशांनी हात लावला, कारण ढकलण्याला मनाई नव्हती. कंबरभर पाण्यात होडी तरंगली आणि सगळे दोर धरून तसेच उभे राहिले. एकही पाय वर चढेना.

"अबाका," मी म्हणाले.

"आई, रागावू नकोस. तुझं म्हणणं मला पटलंय. पण पटणं वेगळं आणि बसणं वेगळं. बायको म्हणाली, बिनगाठीच्या इंजिनावर बसलास तर परत दारात येऊ नकोस."

पलीकडून एम्ब्रोबा ओरडली, "अबाका, माझ्या होडीत जागा आहे रे! ताजं आहे सगळं, उष्टं नाही!"

किनारा हसला. नाना छत्रीखाली उभे होते. ते हसले नाहीत. ते वाट बघत होते.

मी कापड वर खोचलं, पाण्यात शिरले आणि होडीत चढले.

हसणं चटकन थांबलं. आमच्याकडे होडी बाईची असू शकते, जाळं बाईचं असू शकतं, मासळी तर बाईचीच असते. पण होडीत बाईचा पाय? माझ्या आजीने सात होड्या राखल्या आणि एकीतही कधी बसली नाही. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. कुणीतरी माझ्या आईचं. मी कडेशी गेले, इंजिनाची दोरी मुठीला गुंडाळली आणि ओढली. एकदा खोकलं. दुसऱ्यांदा ओढली आणि ते गरजलं. असा आनंद झाला मला की भीती वाटायची राहूनच गेली.

"सोडा दोर!" मी ओरडले.

"आई, उतर खाली!" अबाका पाण्यातून ओरडला. "लाट कशी घ्यायची माहीत आहे का तुला? उलटशील!"

"मग उलटीन! इंजिन माझं, होडी माझी, उलटणारही मीच! तू जा, ताजं खा!"

मी इंजिनाच्या दांडीची मूठ पिळली. होडीचं नाक भलतीकडेच वळलं आणि एम्ब्रोबाच्या होडीकडे निघालं. तिचे खलाशी किंचाळत बाजूला झाले. अबाकाने दात-ओठ खाल्ले, कडेला धरून अंग वर फेकलं आणि माझ्या हातातून दांडी हिसकावून घेतली. "तुझ्या हातून मरण्यापेक्षा बिनगाठीचं मेलेलं बरं! सरक! आता उतर!"

"नाही उतरत. गळतं का ते मला बघायचंय."

तांडेल चढला म्हटल्यावर बाकीचेही चढले, चेहरे पाडून, कपाळाला हात लावत. पहिली लाट फोडली तेव्हा दोघांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या लाटेला मी.

समुद्राचं वर्णन मला विचारू नका. मी इंजिनाच्या झाकणाला मिठी मारून बसले होते आणि पोटातलं सगळं बाहेर टाकत होते. अबाका म्हणे, "बाई बघून मासळी पळते म्हणतात. तुझी ओकारी बघून जमली की!" मी त्याला दिलेली शिवी इथे सांगत नाही. तारली मिळाली. होडी वाकेल एवढी नाही, पण तोंड दाखवता येईल एवढी. आणि इंजिन? ते दिवसभर एका सुरात चाललं. मला तेवढंच ऐकू येत होतं.

दुपार कलताना परत आलो तेव्हा किनाऱ्यावर कुणीही मासळीकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा इंजिनावर. अंगाला घाण वास येत होता, पण स्क्रू मीच काढणार होते. पांढरी इनॅमलची थाळी खाली धरली, म्हणजे रंगाबद्दल कुणाला वाद नको. खालचा स्क्रू काढला. पाणी जड असतं, असेल तर ते आधी येतं.

तेल आलं. मधाच्या रंगाचं, स्वच्छ, ऊन आरपार जाईल असं.

अबाका खाली बसला आणि हसायला लागला, वेड्यासारखा. एम्ब्रोबा पुढे येऊन थाळीत डोकावली. पहिल्यांदाच तिने नाकाला कापड लावलं नाही. कानाशी येऊन पुटपुटली, "माझं नवं इंजिनही ईस्टरनंतरचं आहे गं. त्याच्याही मागं ती हिरवी...?"

"असेल की. पाठ फिरवून उभी राहा, नाहीशी होईल."

नाना आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी छत्री मिटली, वाकले, बोट तेलात बुडवलं, दोन बोटांमध्ये चोळलं, हुंगलं. पुन्हा चोळलं. त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना. एक शब्द हवा होता मला. 'चुकलं' एवढाही नको. नुसतं 'बरं झालं' म्हणाले असते तरी मी त्यांचे पाय धरले असते.

त्यांनी बोट आपल्या कापडाला पुसलं, ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई होडीत चढली. एक मेंढा आणि एक बाटली दारू दंड."

सगळे माझ्याकडे बघू लागले, भांडखोर बाई आता काय करते म्हणून. मी स्क्रू घट्ट पिळला, हात पुसले आणि उठले.

"दोन मेंढे पाठवते, नाना," मी म्हणाले. "उद्याचाही त्यातच धरा."